आधी आत कोण जाणार?

१ नोव्हेंबर २०१८. कल्याण पूर्वेच्या नेतिवली भागातली एक विहीर साफ करायला एक जण उतरला आणि वर आला नाही. त्याला बघायला आणखी दोघे उतरले, तेही आतच राहिले. मग अग्निशमन दल आलं, त्याचे दोन जवान उतरले. त्या दिवशी विहिरीने पाच जीव घेतले. त्यांपैकी चौघे दुसऱ्याला वाचवायला गेलेले होते.

त्याआधी तीन वर्षांपूर्वी केरळात कोळिकोडला हेच घडलं होतं. मॅनहोलमध्ये दोन कामगार बेशुद्ध पडले, रस्त्याने जाणारा एक रिक्षाचालक मदतीला उतरला आणि तिघेही गेले. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ सालीच इशारा देऊन ठेवला होता की बंदिस्त जागांतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला धावलेल्यांचे असतात. कारण सरळ आहे. वर उभ्या माणसाला खाली पडलेला माणूस दिसतो, त्याला पाडणारा वायू दिसत नाही.

आटोपशीर आकाराचे रोबो आणि त्यांचे थवे यांवर जगभर जे संशोधन चालू आहे, ते या घटनांच्या अंगाने पाहिलं की नीट कळतं. तळहातावर मावणाऱ्या यंत्राकडून कोणी माणसाएवढं काम करून घ्यायला निघालेलं नाही. त्याच्याकडून एकच गोष्ट हवी आहे: जिथे आत काय आहे हे ठाऊक नाही, तिथे पहिल्यांदा त्याने जावं.

एका स्टेशनाभोवतीचे धोके

अशा जागा किती असतात, हे ठाण्याजवळच्या कळवा स्टेशनाभोवती नजर फिरवली तरी समजतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर. डोंगराच्या पोटात १९१६ साली वाहतुकीला खुला झालेला, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा रेल्वेचा बोगदा. डोंगराच्या उतारावर दाटीने वसलेल्या वस्त्या. जुलै २०२१च्या पावसात घोलाई नगरमध्ये दरड कोसळून एकाच कुटुंबातले पाच जण दगावले. कळव्यातच सीमेन्स एनर्जीचा कारखाना आहे, तिथे वीजवाहिन्यांसाठी लागणारे अजस्र ट्रान्सफॉर्मर तयार होतात. मुंब्र्यापलीकडे शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाऊंडमधली बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ जणांचा बळी गेला. आणखी पुढे डोंबिवली एमआयडीसी. तिथे मे २०१६ आणि मे २०२४ अशा दोन स्फोटांनी आसपासच्या घरांच्या काचा आणि लोकांचे जीव दोन्ही घेतले. खाडीखालून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बोगदा जाणार आहे. मुंबईतलं बीकेसी ते शिळफाटा या २१ किलोमीटरांतले ७ किलोमीटर पाण्याखालचे. आणि या सगळ्याच्या खाली गटारं, चेंबर, सेप्टिक टाक्या.

या प्रत्येक जागेचा धोका वेगळा आहे. ढिगाऱ्यात फटी अरुंद असतात, बोगद्यात रेडिओसंदेश पोचत नाहीत, रासायनिक कारखान्यात एक ठिणगी पुरते, ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल भरलेलं असतं, गटारात वायू. त्यामुळे सगळीकडे चालेल असा एकच रोबो कोणी बनवू शकत नाही. जागा पाहूनच यंत्राचा आकार, चाल आणि ज्ञानेंद्रियं ठरतात.

चेंबरमधली हवा

त्यातलं गटार सगळ्यांत ओळखीचं, म्हणून तिथून सुरुवात करू. आपण श्वासात घेतो त्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला की ती हवा कामाला असुरक्षित मानतात; १० टक्क्यांच्या खाली माणूस शुद्ध हरपतो. झाकण बंद असलेल्या चेंबरमध्ये सडणारा मैला हा ऑक्सिजन खात असतो आणि बदल्यात हायड्रोजन सल्फाइड व मिथेन सोडत असतो.

हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांचा वास असलेला वायू. हवेपेक्षा थोडा जड असल्याने तो तळाशी साचतो. त्याचं खरं कपट वेगळंच आहे. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे प्रमाण वाढत असताना माणसाला वास कमी झाल्यासारखा वाटतो. सातशे ते हजार भागांपर्यंत गेलं तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही. मिथेनची तऱ्हा निराळी. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगी पडताच स्फोट होतो.

आत जाणाऱ्या यंत्रापुढची पहिली अट इथेच ठरते. रोबोच्या मोटारीतली किंवा बॅटरीच्या जोडणीतली एखादी ठिणगी माणसाइतकीच घातक ठरू शकते. म्हणून अशा जागांसाठीच्या यंत्रांत विजेची ऊर्जा मुळातच इतकी कमी ठेवावी लागते, की दोष निर्माण झाला तरी ठिणगीने वायू पेटू नये. नाहीतर मोटारी भक्कम स्फोटरोधक कवचात बंद कराव्या लागतात. कवचाने वजन वाढतं, ऊर्जा कमी केली की ताकद घटते. प्रयोगशाळेच्या टेबलावर तुरुतुरु चालणारा इवलासा रोबो गटारात उतरवता येत नाही, त्यामागचं एक मोठं कारण हे.

लहान असण्याचं गणित

मग लहान करायचा तरी कशाला? याचं उत्तर भूमितीत आहे. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दहापट लहान केली, तर तिच्या पायाच्या काटछेदाचं क्षेत्रफळ शंभरपट घटतं, पण वजन हजारपट घटतं. पायाची ताकद क्षेत्रफळावर अवलंबून असते, म्हणून लहान वस्तू आपल्या वजनाच्या मानाने दहापट मजबूत ठरते. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन ओढते आणि झुरळ माळ्यावरून पडूनही पळतं, ते यामुळेच.

या झुरळाकडून थेट धडे घेतलेल्या संशोधकांपैकी एक आहेत कौशिक जयराम. कळव्याहून खाडी ओलांडली की फार दूर नसलेल्या पवईच्या आयआयटीत ते शिकले आणि नंतर अमेरिकेत बर्कलेला गेले. तिथे रॉबर्ट फुल यांच्यासोबत त्यांनी झुरळांना अरुंद फटींतून जायला लावलं आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष थक्क करणारे होते. एरवी सेंटिमीटरभर उंच असणारं झुरळ ३ मिलिमीटरच्या फटीतून सरकतं. त्याचं बाह्यकवच एकसंध नसतं. ते लवचिक सांध्यांनी जोडलेल्या पट्ट्यांचं असतं. त्यामुळे ते चेपलं जातं, तुटत नाही, आणि वजनाच्या ९०० पट दाबही इजा न होता सोसतं. चेपलेल्या अवस्थेत पाय उभे टेकवायला जागाच उरत नाही, तेव्हा ते पाय बाजूला पसरून त्यांच्या नडग्यांनी जमीन ढकलत पुढे जातं. याच तत्त्वावर त्यांनी तळहाताएवढा रोबो बनवला. तो चेपून निम्म्या उंचीचा झाला तरी चालत राहतो. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात जयराम यांच्या गटाने २०२३ मध्ये ‘क्लारी’ नावाचा रोबो दाखवला. वजन तीन ग्रॅमहूनही कमी, आणि समोर फट आली की आपली रुंदी स्वतःच आक्रसून घेणारा. लकी कंपाऊंडसारख्या ढिगाऱ्यात स्लॅबवर स्लॅब बसलेले असतात. तिथल्या पोकळ्यांपर्यंत कॅमेरा किंवा मायक्रोफोन पोचवायला असंच अंग लागतं.

पण भूमितीचा हिशोब दोन्हीकडून चालतो. बॅटरीतली ऊर्जा तिच्या घनफळावर अवलंबून असते. दहापट लहान रोबोत हजारपट कमी ऊर्जा मावते. वीसतीस ग्रॅमचा ड्रोन एका चार्जवर जेमतेम काही मिनिटं उडतो. वर, माणसाला जो खडा दिसतही नाही, तो या रोबोसाठी डोंगर असतो. म्हणजे लहान यंत्र सुरक्षित पडतं, फटीत शिरतं, पण थोडाच वेळ टिकतं आणि थोडंच अंतर कापतं.

म्हणून ज्या ठिकाणी छोटे रोबो आज खरोखर कामाला लागले आहेत, तिथे काम नेमकं आणि मोजकं आहे. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात बिघाड आहे का हे पाहायचं तर पूर्वी हजारो लिटर तेल बाहेर काढून माणसाला झडपेतून आत शिरावं लागे. एबीबी कंपनीने २०१८ मध्ये आणलेला ‘टीएक्सप्लोर’ हा रोबो तेलातच पोहत फिरतो आणि आतली चित्रं बाहेर पाठवतो. बाहेरचे तंत्रज्ञ गुंडाळ्या, जोडण्या, आधार पडद्यावर तपासतात. तेल जागचं हलत नाही.

जपानमधल्या फुकुशिमा अणुवीजकेंद्रात ही परीक्षा सर्वांत कडक झाली. मार्च २०११च्या त्सुनामीनंतर तिथल्या अणुभट्ट्यांतलं इंधन वितळलं. आत माणूस जाणं अशक्य, आणि किरणोत्सर्ग इलेक्ट्रॉनिक भागांनाही खातो. २०१५ आणि २०१७ मध्ये आत पाठवलेले रोबो अडकले आणि तिथेच सोडून द्यावे लागले. जुलै २०१७ मध्ये तोशिबाचा ‘मिनी मानबो’ तिसऱ्या अणुभट्टीच्या पाण्यात उतरला. १३ सेंटिमीटर व्यासाचा, ३० सेंटिमीटर लांबीचा, पंख्यांवर पोहणारा. वितळून गोठलेल्या इंधनासारखे गोळे त्याने पहिल्यांदा माणसाला दाखवले. अंदाजे ८८० टन वितळलेल्या इंधनातून पहिला नमुना बाहेर यायला मात्र नोव्हेंबर २०२४ उजाडला. तो होता ०.७ ग्रॅम. पाहणं आणि काढणं यांत किती अंतर असतं, ते या दोन आकड्यांतून दिसतं.

थव्याची युक्ती

एकटा छोटा रोबो अडखळतो, बॅटरी संपते, अडकतो. यावर निसर्गाचं उत्तर जुनं आहे: एकाऐवजी पुष्कळ पाठवा. पण शंभर रोबो चालवायला शंभर माणसं बसवायची तर मग मिळवलं काय? थव्याच्या शास्त्राचा सगळा भर या प्रश्नावर आहे.

संध्याकाळी कळवा स्टेशनाच्या पुलावर एकाच वेळी जाणाऱ्या-येणाऱ्यांची गर्दी होते. कोणी पोलीस उभा नसतो, तरी थोड्याच वेळात एका बाजूने चढणाऱ्यांची आणि दुसऱ्या बाजूने उतरणाऱ्यांची रांग आपोआप पडते. प्रत्येकाने फक्त समोरचा टाळला आणि पुढच्याच्या मागे चालला, एवढ्यावरून सगळ्यांची शिस्त जमते. थव्यातल्या प्रत्येक रोबोला असेच दोन-तीन साधे नियम दिलेले असतात आणि शेजाऱ्यापलीकडचं काही त्याला माहीत नसतं.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ प्येर-पॉल ग्रासे यांनी १९५९ साली वाळवीत याचं मूळ शोधलं. वाळव्यांना वारुळाचा आराखडा कोणी सांगत नाही. एकीने ठेवलेल्या मातीच्या गोळीमुळे दुसरीला तिथेच गोळी ठेवण्याची प्रेरणा मिळते, आणि भिंत वर चढत जाते. निरोप एकीकडून दुसरीकडे जात नाही, तो बांधकामातच असतो.

यंत्रांत हे सगळ्यांत लख्ख दिसलं ते २०१४ मध्ये. हार्वर्डमध्ये मायकेल रुबेनस्टाइन आणि राधिका नागपाल यांच्या गटाने एक हजार चोवीस ‘किलोबॉट’ एकत्र सोडले. एक किलोबॉट जवळून पाहिला तर निराशाच होईल. ३३ मिलिमीटर व्यासाची चकती, खाली तारेचे तीन ताठ पाय, चाकं नाहीत. मोबाइल थरथरवणाऱ्या मोटारीसारख्या दोन मोटारी. डावी थरथरली की तो एकीकडे सरकतो, उजवी थरथरली की दुसरीकडे. टेबलावर अवरक्त प्रकाश पाडून तो जवळच्या शेजाऱ्याशी बोलतो आणि किती उजेड आला त्यावरून अंतर ओळखतो. एवढ्या भांडवलावर हजार किलोबॉटनी तारा, इंग्रजी अक्षर अशा आकृत्या स्वतःहून जुळवल्या. वेळ लागला सुमारे बारा तास. काहींच्या मोटारी बिघडल्या, काहींनी रस्ता अडवून कोंडी केली. ती ओळखून वळसा घालायची सोय नियमांतच होती, म्हणून आकृती पुरी झाली.

धोक्याच्या जागी याचा उपयोग कसा, याचा नमुना नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाने २०२१ मध्ये दाखवला. चाळीस ग्रॅमच्या आतले काही ड्रोन त्यांनी एका इमारतीत सोडले. प्रत्येकाच्या अंगावर वायूचा संवेदक. भिंती टाळत, एकमेकांना टाळत ते फिरत राहिले. ज्याला वास जास्त आला त्याची जागा बाकीच्यांना कळली आणि थवा तिकडे सरकत गेला. वायूचा उगम सापडला. डोंबिवली एमआयडीसीसारख्या ठिकाणी स्फोटानंतर कुठल्या टाकीतून काय गळतंय, हे जवान आत शिरण्याआधी कळलं तर काय होईल, याचा विचार या प्रयोगापासून सुरू होतो.

आकडेमोडही थव्याच्या बाजूने आहे. एक रोबो ढिगाऱ्यापलीकडे पोचण्याची शक्यता ५० टक्के धरा. तीन पाठवले तर किमान एक पोचण्याची शक्यता ८७.५ टक्के होते, दहा पाठवले तर ९९.९ टक्के. पण या गणितात एक गृहीत दडलेलं आहे: प्रत्येकाचं अपयश वेगळ्या कारणाने येणार. गटारातल्या चिखलात एकाची चाकं रुतणार असतील, तर त्याच बनावटीच्या दहाही जणांची रुततील. मग दहाची किंमत एकाएवढीच. म्हणून शहाणा थवा एकसारखा नसतो. काही चालणारे, काही उडणारे, काही नुसतेच पडून राहून निरोप पुढे पोचवणारे, असा मेळ लागतो.

जमिनीखाली निरोप कसा पोचणार

हा निरोपच जमिनीखाली सगळ्यांत अवघड. खडक आणि ओली माती रेडिओलहरी गिळून टाकतात. बोगद्याच्या दुसऱ्या वळणावर मोबाइल मुका होतो तसा रोबोही होतो. अमेरिकी संरक्षण संशोधन संस्था ‘डार्पा’ने २०१८ ते २०२१ या काळात बोगदे, भुयारी मार्ग आणि गुहा यांत रोबोंची स्पर्धा घेतली. तिथे अनेक संघांनी वापरलेली युक्ती साधी होती: रोबोने पुढे जाताना वाटेत छोटे रेडिओसंच टाकत जायचे, म्हणजे मागे निरोपांची साखळी तयार होते. ब्रिटनमध्ये शेफिल्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांत राहून गळती व भेगा शोधणाऱ्या ‘पाइपबॉट’ रोबोंवर काम झालं. त्यात पाइपातून नीट प्रवास करणाऱ्या ध्वनिलहरींचा आधार घेण्याचा विचार होता.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले. नवव्या दिवशी सहा इंची पाइप ढिगाऱ्यापलीकडे गेला आणि त्यातून एंडोस्कोपीचा कॅमेरा सरकवल्यावर देशाने त्यांचे चेहरे पाहिले. तो कॅमेरा रोबोही नव्हता, पण त्याने रोबोचं मुख्य काम केलं: आत काय आहे ते बाहेर कळवलं. ड्रिलिंगचं यंत्र तुटल्यावर शेवटचे काही मीटर हातांनी खणले ते उंदराच्या बिळासारखी अरुंद भुयारं खणणाऱ्या ‘रॅट होल’ खाणकामगारांनी. पाहायला यंत्र आणि खणायला माणूस, अशी वाटणी आज आहे.

एक वाट तर यंत्र आणि कीटक यांच्या मधली आहे. मार्च २०२५च्या भूकंपानंतर सिंगापूरच्या पथकाने म्यानमारमध्ये जिवंत झुरळांच्या पाठीवर अवरक्त कॅमेरा आणि संवेदक बसवून त्यांना ढिगाऱ्यांत सोडलं. चालण्याची ऊर्जा झुरळाची, दिशा विद्युतस्पंदांची. बॅटरीचा प्रश्न असा अर्धा सुटतो. त्या ढिगाऱ्यांत त्यांना जिवंत माणूस सापडला नाही.

गटारापाशी परत

सांडपाण्याच्या कामात भारताने स्वतःचं यंत्र काढलं आहे. केरळातल्या काही तरुण अभियंत्यांनी ‘जेनरोबोटिक्स’ ही कंपनी काढून २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला ‘बँडिकूट’ आणला. मॅनहोलच्या तोंडावर एक चौकट उभी राहते. तिच्यातून चार पायांचा रोबो खाली उतरतो, भिंतींना पाय रोवून स्थिर होतो आणि गाळ-कचरा बादलीत भरून वर पाठवतो. कॅमेरे आणि वायुसंवेदक यांची माहिती रस्त्यावर उभ्या चालकाला पडद्यावर दिसते. या चालकाचं काम सफाई कामगारांनाच शिकवलं जातं, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. यंत्र आल्यावर माणसाची रोजी गेली असती तर ते यंत्र कुणालाच नको झालं असतं.

बँडिकूट मोठा आहे. चिंचोळ्या गल्लीत, चाळीमागच्या सेप्टिक टाकीपाशी त्याची चौकट पोचत नाही, आणि अपघात अशाही जागी होतात. थवे आणि चिमुकले रोबो उद्या तिथे पोचतील. पण तोवर माणसाने उतरत राहायचं, असा याचा अर्थ नाही. ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू मोजणारा, हातात मावणारा गॅस डिटेक्टर दोरीने खाली सोडता येतो. काही मिनिटांत तो सांगतो की ही जागा माणसासाठी आहे की नाही. चाकं नाहीत, बुद्धी नाही, तरी ‘आधी आत जाण्याचं’ काम तो चोख करतो.

२०१३च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी २०१४ मध्ये १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपयांची भरपाई ठरवली. तरीही ठेकेदाराच्या हिशोबात माणूस अजून यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. थव्याच्या शास्त्राचं पायाभूत तत्त्व असं आहे की थव्यातला एखादा सदस्य गमावला तरी चालावा, इतका तो स्वस्त असला पाहिजे. आपल्या गटारांत ही जागा आजवर माणसाला दिली गेली.

त्यामुळे सुरुवात प्रयोगशाळेपेक्षा निविदेच्या कागदावर होऊ शकते. महापालिकेच्या, गृहनिर्माण सोसायटीच्या, कारखान्याच्या प्रत्येक सफाई-करारात एक अट घालता येईल: झाकण उघडल्यावर आधी उपकरण उतरेल, त्याचे आकडे वेळेसह नोंदले जातील, आणि ती नोंद नसेल तर बिल निघणार नाही. आज ते उपकरण दोरीला बांधलेला गॅस डिटेक्टर असेल, उद्या झुरळाएवढा रोबो, परवा त्यांचा थवा. अट तीच राहील, आणि ती लिहायला कुठलाही शोध लागायची गरज नाही.